बेथलेहेमचा भाष्यकार : संत जेरोम

नाताळ आला की बेथलेहेम या लहानशा गावाचे नाव जगभरच्या भाविकांच्या ओठी येते. गव्हाणीत निजलेले बालक, रात्री कळप राखणारे मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आणि त्यांना वाट दाखविणारा तारा यांचे देखावे घरोघरी मांडले जातात. परंतु त्याच गावी, ज्या गुहेत येशूचा जन्म झाला असे परंपरा मानते त्या गुहेच्या अगदी निकट, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस एक विद्वान संन्यासी येऊन राहिला आणि चौतीस वर्षे हस्तलिखितांच्या राशीत बसून त्याने धर्मग्रंथाच्या अर्थासाठी आपला देह झिजविला, ही हकीकत आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे. या संन्याशाचे नाव जेरोम. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने हजार वर्षांहून अधिक काळ जे लॅटिन बायबल वाचले, त्याचा फार मोठा भाग याच्या हातचा आहे.

बायबल वाचावयास घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो. सर्व मनुष्यमात्रासाठी दिलेला हा ग्रंथ असेल, तर तो इतका दुर्बोध का असावा? एकाच वचनाचे दोन प्रामाणिक माणसांनी दोन निराळे अर्थ का करावेत? पंडितांनी याची उत्तरे अनेक दिली आहेत. आम्हांस मात्र असे वाटते की, या प्रश्नाचे उत्तर जेरोमच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके ते क्वचितच अन्यत्र दिसेल. अर्थाच्या आड येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्याच्या वाट्याला आली. काही अडचणी त्याने दूर केल्या, काहींपुढे हात टेकले आणि काहींच्या पायी जिवाभावाची माणसे गमावली. म्हणून यंदा नाताळच्या निमित्ताने आम्ही त्याची जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सिसेरोचा शिष्य

जेरोमचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडॉन येथे झाला. डाल्मेशिया आणि पॅनोनिया या दोन रोमन प्रांतांच्या सीमेवरील हे गाव त्याच्या हयातीतच गॉथ लोकांनी उद्ध्वस्त केले आणि त्याची नेमकी जागा आजही निश्चित झालेली नाही. घर ख्रिस्ती आणि सुखवस्तू होते. मुलाची बुद्धी पाहून त्याला शिक्षणासाठी रोमला धाडण्यात आले. तेथे डोनेटस नावाच्या प्रख्यात वैयाकरणाजवळ त्याने लॅटिन वाङ्मयाचे अध्ययन केले. सिसेरोचे गद्य आणि व्हर्जिलचे काव्य त्याच्या जिभेवर नाचू लागले. ग्रंथांचा हव्यास इतका की, स्वतःच्या हाताने प्रती उतरवून त्याने एक ग्रंथसंग्रह उभा केला आणि पुढे जेथे जेथे गेला तेथे तेथे तो बरोबर नेला.

रोममध्येच त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे विरक्तीची ओढ लागली आणि काही मित्रांसह तो पूर्वेकडे निघाला. ३७४ च्या सुमारास अँटिओक येथे पोहोचेपर्यंत सोबतचे दोन मित्र मरण पावले आणि तो स्वतःही ज्वराने मरणोन्मुख झाला. त्या आजारात त्याला एक स्वप्न पडले. आपण ईश्वराच्या न्यायासनापुढे उभे आहोत, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगत आहोत, आणि तेथून उत्तर येत आहे की तू सिसेरोचा अनुयायी आहेस, ख्रिस्ताचा नव्हेस! फटक्यांच्या वेदनांनी त्याने यापुढे लौकिक ग्रंथांना न शिवण्याची शपथ वाहिली, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे.

या स्वप्नामागे एक साधी वस्तुस्थिती दडलेली होती. सिसेरोच्या घोटीव वाक्यांवर पोसलेल्या या तरुणाला बायबलमधील संदेष्ट्यांची भाषा ओबडधोबड आणि रानवट वाटे. बायबल अवघड वाटण्याचे पहिले कारण हेच होय. वाचणारा आपल्या कानाला जडलेल्या सवयी घेऊन त्या ग्रंथाकडे येतो, आणि ग्रंथ तर दुसऱ्याच लोकांच्या, दुसऱ्याच काळातील बोलीत रचलेला असतो. त्यातही बायबल हा एका हातचा ग्रंथ नव्हेच. इतिहास, कायदे, स्तोत्रे, नीतिवचने, संदेष्ट्यांची वाणी, शुभवर्तमाने आणि पत्रे अशा भिन्नभिन्न जातींच्या ग्रंथांचा तो संग्रह आहे. हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांत, कित्येक शतकांच्या अवधीत तो सिद्ध झाला. स्तोत्र वाचावे तसा कायदा वाचला आणि दृष्टान्त वाचावा तसा इतिहास वाचला, तर अनर्थ ओढवल्यावाचून राहत नाही.

आजारातून उठल्यावर जेरोम सिरियातील कॅल्किसच्या वाळवंटात जाऊन राहिला. उपासतापास करूनही मन ताळ्यावर येईना, तेव्हा त्याने मनाला जुंपण्यासाठी एक विलक्षण उपाय योजिला. ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी संन्याशाजवळ तो हिब्रू भाषा शिकू लागला. त्या काळच्या लॅटिन विद्वानांत हिब्रूचे ज्ञान असलेला मनुष्य शोधूनही सापडला नसता. घशातून निघणारे ते उच्चार आणि ती अनोळखी मुळाक्षरे यांनी त्याला इतके हैराण केले की, अनेकदा त्याने अभ्यास सोडून दिला आणि पुन्हा नव्याने आरंभिला. वासनांवर इलाज म्हणून घेतलेले हे औषध पुढे त्याच्या सबंध आयुष्याचा व्यवसाय बनेल, याची त्याला तेव्हा कल्पनाही नसावी.

पाठभेदांचे अरण्य

अँटिओक येथे धर्मगुरूची दीक्षा घेऊन आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रेगरी नाझियान्झेन या थोर आचार्याच्या सहवासात काही काळ काढून जेरोम ३८२ मध्ये रोमला परतला. पोप डमासस यांनी त्याला आपला चिटणीस नेमले आणि एक जोखमीचे काम सांगितले. लॅटिन भाषेत शुभवर्तमानांच्या ज्या प्रती चालत होत्या, त्यांत मेळ राहिला नव्हता. कोठे भाषांतरकर्त्याचे अज्ञान, कोठे लेखकाची डुलकी, कोठे एका शुभवर्तमानातील मजकूर दुसऱ्यात घुसविण्याचा उत्साह, यांमुळे जवळजवळ प्रत्येक पोथी निराळी झाली होती. ग्रीक प्रती समोर ठेवून या सर्वांतून एक शुद्ध पाठ निश्चित करावयाचा होता.

मराठी वाचकाला हे संकट समजावून सांगण्याची गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ पाहून व्यथित झालेल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण जाणतोच. नाथांना त्या कार्याबद्दल समाजाने धन्यवाद दिले. जेरोम मात्र आरंभापासून ओळखून होता की, आपल्या माथी शिव्याशाप येणार आहेत. लहानपणापासून ज्या शब्दांत प्रार्थना ऐकली, त्यातील एक अक्षर जरी कोणी बदलले तरी भाविकाला तो आपल्या देवावरच घाला वाटतो. झालेही तसेच. शुभवर्तमानांचा सुधारलेला पाठ त्याने ३८४ च्या सुमारास पोपना सादर केला आणि त्याच्यावर धर्मग्रंथात ढवळाढवळ केल्याचा आरोप होऊ लागला.

याच कामात त्याच्यापुढे एक असा शब्द आला की, त्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीसाठी जे मागणे आहे, त्यातील भाकरीचे ग्रीक विशेषण 'एपिऊसिओस' हे त्या प्रार्थनेबाहेर ग्रीक वाङ्मयात जवळजवळ आढळतच नाही. रोजची भाकर, उद्याची भाकर, जगण्यापुरती भाकर, की ऐहिक अन्नाच्या पलीकडील भाकर? जेरोमने लूकच्या शुभवर्तमानात रोजची हा रुळलेला अर्थ तसाच ठेवला आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दासाठी अलौकिक अन्न सुचविणारा नवा लॅटिन शब्द योजिला. एकच ग्रीक शब्द, एकच भाषांतरकार, आणि अर्थ दोन! जी प्रार्थना ख्रिस्ती घरांतील लहान मूलही म्हणते, तिच्यातच अर्थाचा असा पेच आहे.

रोममध्ये जेरोमला एक अनपेक्षित शिष्यवर्ग लाभला. मार्सेला, पाउला आणि पाउलेची कन्या युस्टोकियम या उच्च कुळांतील स्त्रिया त्याच्याजवळ धर्मग्रंथाचा अभ्यास करू लागल्या. मार्सेलाचे प्रश्न इतके मार्मिक असत की, हिब्रू शब्दांच्या अर्थांविषयीची त्याची कित्येक पत्रे केवळ तिच्या शंकांतून जन्मास आली. पाउला हिब्रू इतके उत्तम शिकली की, मूळ स्तोत्रे ती अस्खलित उच्चारांनी गात असे. परंतु पाउलेची दुसरी कन्या ब्लेसिला ३८४ मध्ये कडक व्रताचरणानंतर अकाली मरण पावली आणि लोकांनी जेरोमला दोष दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोप डमासस निवर्तले आणि त्याचा आधार तुटला. ३८५ च्या ऑगस्टमध्ये त्याने रोम कायमचे सोडले. पाठोपाठ पाउला आणि युस्टोकियमही निघाल्या. पॅलेस्टाइन आणि इजिप्त येथील यात्रा करून ३८६ मध्ये ही मंडळी बेथलेहेमला स्थिरावली. पाउलेने आपली संपत्ती वेचून तेथे पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली.

स्वरांवाचून लिहिलेली भाषा

येथवर जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर म्हणजे भाषांतराचे भाषांतर होते. यहुदी विद्वानांनी ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रिया येथे हिब्रू ग्रंथ ग्रीक भाषेत आणण्यास आरंभ केला. बहात्तर पंडितांनी ते काम केले अशी आख्यायिका असल्याने त्या भाषांतरास सत्तरांचे भाषांतर असे नाव पडले. नव्या कराराच्या लेखकांनी बहुधा त्यातूनच वचने घेतली, म्हणून ख्रिस्ती समाज ते ईश्वरप्रेरित मानी. पंडितांना निरनिराळ्या कोठड्यांत बसविले असताही सर्वांचे शब्द तंतोतंत जुळले, अशी कथाही प्रचलित होती. जेरोमने ती कथा धुडकावून लावली. संदेष्टा निराळा आणि भाषांतरकार निराळा, हे त्याचे मत होते. ज्याला जुना करार जाणावयाचा आहे त्याने हिब्रूकडेच गेले पाहिजे, असे त्याने ठरविले आणि ३९० च्या सुमारास हाती घेतलेले काम ४०५ पर्यंत चालविले.

यासाठी पुन्हा गुरू हवा होता. बारनिना नावाचा एक यहुदी पंडित त्याला शिकविण्यास रात्रीच्या वेळी येई, कारण स्वजनांच्या रोषाचे त्याला भय होते. ईयोबाच्या ग्रंथासाठी लिद्दा येथील एका यहुदी शास्त्र्याला जेरोमने भरपूर द्रव्य देऊन बोलाविले. टोबीतचे पुस्तक अरामी भाषेत होते. ती भाषा त्याला पुरेशी येत नसल्याने एक जाणकार ते हिब्रूत सांगे, जेरोम लगोलग लॅटिनमध्ये बोले आणि लेखनिक लिहून घेई. ते पुस्तक अशा रीतीने एका दिवसात पुरे झाले. कैसरिया येथील ग्रंथालयात ओरिजेन या पूर्वसूरीने सिद्ध केलेला एक प्रचंड ग्रंथ होता. त्यात हिब्रू पाठ, त्याचे ग्रीक लिपीतील रूप आणि चार ग्रीक भाषांतरे अशा सहा ओळी शेजारीशेजारी लिहिलेल्या होत्या. जेरोमने त्याचाही कसून उपयोग केला.

परंतु हिब्रूकडे गेल्याने सर्व प्रश्न सुटले असे मात्र झाले नाही. त्या काळी हिब्रू केवळ व्यंजनांनी लिहिली जात असे. स्वर वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरावयाचे. आपल्याकडे धरावे या शब्दातील ध चा मा केल्याने नारायणराव पेशव्यांचे प्राण गेले अशी आख्यायिका आहे. तेथे निदान अक्षर बदलावे लागले. हिब्रूत अक्षर न बदलताच अर्थ पालटतो. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात द, ब आणि र ही तीन व्यंजने येतात. दाबार असे वाचले तर शब्द असा अर्थ होतो, देबेर असे वाचले तर महामारी. ईश्वराच्या पुढे चालते ते काय? सत्तरांनी शब्द असे वाचले, जेरोमने मृत्यू असे भाषांतर केले. दोन्ही बाजूंस विद्वान होते आणि कागदावर तीच तीन अक्षरे होती.

निर्गमच्या पुस्तकात मोशे सीनाय पर्वतावरून उतरतो तेव्हाच्या वर्णनात जे क्रियापद आहे, त्याचे मूळ शिंग या शब्दाशी निगडित आहे. त्याचा चेहरा तेजाने झळकत होता असा अर्थ सर्वसामान्यतः घेतला जातो. जेरोमने मात्र मुळाला धरून शिंगांचा शब्द ठेवला. हिब्रू भाषेत शिंग हे सामर्थ्याचे आणि वैभवाचे प्रतीक आहे, हे तो जाणत होता. पण पुढील शतकांतील चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी तो शब्द अक्षरशः घेतला. रोममधील सान पिएत्रो इन व्हिन्कोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडविलेली मोशेची भव्य मूर्ती आहे, तिच्या मस्तकावर दोन शिंगे आहेत. प्रतीक समजून योजिलेला शब्द वाचकाने वस्तू समजून घेतला की काय होते, याचे ते संगमरवरी उदाहरण होय.

नाताळाशी ज्याचा निकटचा संबंध आहे तो शब्द तर याहूनही नाजूक. यशया संदेष्ट्याने बालकाच्या जन्माचे जे चिन्ह सांगितले, त्यात मातेसाठी अल्मा हा हिब्रू शब्द येतो. सत्तरांनी त्याचे भाषांतर कुमारी असे केले आणि मत्तयने तोच अर्थ घेऊन ते वचन येशूच्या जन्माला लावले. यहुदी पंडितांचे म्हणणे असे की, अल्मा म्हणजे तरुण स्त्री, कुमारीसाठी हिब्रूत बेथुला हा निराळा शब्द आहे. जेरोमला हा आक्षेप पूर्ण माहीत होता. त्याने तो लपविला नाही, आपल्या भाष्यात त्याची चर्चा केली आणि बायबलमधील इतर स्थळे दाखवून अल्मा म्हणजे लोकांच्या दृष्टीपासून दूर राखलेली कन्या, असे प्रतिपादन करून कुमारी हाच अर्थ कायम केला. या मुद्द्यावर दोन धर्मसमाजांत आजही एकमत नाही. येथे व्याकरण आणि श्रद्धा इतक्या निकट येऊन उभ्या राहतात की, केवळ कोश उघडून वाद मिटत नाही.

एका झुडपावरून उठलेले वादळ

योना संदेष्ट्याच्या कथेत त्याच्या डोक्यावर सावली धरणारे एक झाड एका रात्रीत वाढते आणि दुसऱ्या दिवशी सुकते. हिब्रूत त्याचे नाव कीकायोन. जुन्या लॅटिन भाषांतरात तेथे भोपळ्याचा वेल होता. जेरोमने आयव्हीचा वेल असा शब्द घातला. आज लिबियात त्रिपोली नावाने प्रसिद्ध असलेल्या ओइआ या नगरात बिशपने नवे भाषांतर वाचावयास लावले, तेव्हा चर्चमध्ये मोठा गदारोळ झाला. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला भोपळा गेला कोठे, असे म्हणून लोक खवळले. गावातील यहुद्यांना विचारले असता त्यांनीही जुन्या पाठाच्या बाजूने कौल दिला. आपल्या मंडळीत कोणीच उरणार नाही असे दिसू लागल्यावर बिशपला माघार घ्यावी लागली.

ही हकीकत जेरोमला ४०३ मध्ये पत्राने कळविली ती उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या नगरीचा बिशप ऑगस्टिन याने. जेरोमने उत्तर दिले की, त्या झाडाला लॅटिनमध्ये नावच नाही. मूळ शब्द तसाच ठेवला असता तर कोणालाच कळला नसता, भोपळा हिब्रूत नाही, म्हणून इतर भाषांतरकारांना अनुसरून आयव्ही घातला. त्याने आपल्या भाष्यात त्या झुडपाचे वर्णन केले आहे. रेताड जमिनीत झपाट्याने वाढणारे, स्वतःच्या खोडावर उभे राहणारे, रुंद पानांचे आणि दाट सावलीचे. वर्णन वाचताच आपल्या खेड्यातील कोणीही ते झुडूप ओळखील. तो एरंड होय, असे आजचे बहुतेक अभ्यासकही मानतात. म्हणजे भोपळाही चुकला आणि आयव्हीही. ज्या देशात ती वनस्पती माणसाच्या बोलण्यात नाही, त्या देशाच्या भाषेत तिला आणावे कसे, हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

या पत्रव्यवहाराचा पूर्वभागही उद्बोधक आहे. ऑगस्टिनने ३९५ च्या सुमारास जेरोमला पहिले पत्र लिहिले, पण ते घेऊन जाणारा निघालाच नाही. पुढे त्याच्या पत्रांच्या प्रती इटलीत हातोहात फिरू लागल्या आणि ज्याला ती लिहिली त्यालाच मिळेनात. हा तरुण बिशप वृद्धाला डिवचून कीर्ती मिळवू पाहतो आहे, अशी जेरोमची समजूत झाली. वादाचा मुद्दा मात्र खराखुरा होता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अँटिओक येथे त्याने पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. दोन प्रेषितांत खरोखर भांडण झाले कसे? ओरिजेनला अनुसरून जेरोमने म्हटले की, लोकशिक्षणासाठी दोघांनी तो प्रसंग जुळवून आणला होता. ऑगस्टिनला हे मुळीच मानवले नाही. धर्मग्रंथात एका ठिकाणी जरी सोयीची बतावणी मान्य केली, तर मग कोणत्याही अवघड वचनाला तीच पळवाट काढता येईल, असे त्याचे म्हणणे.

ऑगस्टिनचा दुसरा आक्षेपही तोलामोलाचा होता. ग्रीक पाठ हजारोंना पडताळता येतो, हिब्रू जाणणारा ख्रिस्ती मात्र एकटा जेरोम. त्याने चूक केली तर ती दाखविणार कोण? आणि लॅटिन चर्चचा ग्रंथ ग्रीक चर्चच्या ग्रंथाहून निराळा झाला तर समाजात फूट पडणार नाही काय? आम्हांस वाटते की, या वादात दोघेही आपापल्या ठायी बरोबर होते. एकाला शब्दाच्या सत्याची काळजी होती, दुसऱ्याला शब्दावर जगणाऱ्या माणसांची. धर्मग्रंथाचा अर्थ लावणाऱ्याला ही दोन्ही ओझी वाहावी लागतात. पुढे ऑगस्टिनने सत्तरांचा पाठ आणि हिब्रू पाठ या दोहोंतूनही एकच ईश्वरी आत्मा बोलतो अशी भूमिका घेतली, आणि दोघांतील कटुता ओसरून परस्परांविषयीचा आदर उरला.

गुरूवाचून गती नाही

नोला येथील पॉलिनस याला लिहिलेल्या पत्रात जेरोमने या विषयाचे सार सांगून ठेवले आहे. वैद्य, सुतार, लोहार, विणकर यांतील कोणीही गुरूवाचून आपल्या विद्येत हात घालीत नाही. धर्मग्रंथाचा अर्थ सांगावयास मात्र जो तो पुढे सरसावतो, हे त्याचे गाऱ्हाणे होते. इथिओपियाच्या राणीचा अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता, वाचता येत होते पण समजत नव्हते, आणि फिलिप्पाने अर्थ सांगितला तेव्हाच त्याचे डोळे उघडले, या प्रसंगाकडे त्याने लक्ष वेधले. उत्पत्तीचा आरंभ आणि यहेज्केलाच्या ग्रंथाचे आदि-अंत हे भाग वयाची तिशी गाठल्याखेरीज वाचू नयेत, असा यहुद्यांचा नियम असल्याचेही त्याने नमूद केले आहे.

ग्रंथसंग्रहात कोणती पुस्तके घ्यावीत हाही प्रश्न त्याला टाळता आला नाही. हिब्रू संग्रहात नसलेली टोबीत, यहूदीथ इत्यादी पुस्तके वाचण्यास उत्तम, पण सिद्धान्त ठरविण्यास प्रमाण नव्हेत, असे त्याचे मत होते. चर्चने ती पुस्तके ठेविली. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांनी वगळली. म्हणून आज कॅथलिक बायबलात ७३ आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आढळतात.

शब्दांच्या बाबतीत इतका सावध असलेला हा पुरुष माणसांच्या बाबतीत तितका सावध नव्हता, हे सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होणार नाही. रुफिनस हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. ओरिजेनची मते ग्राह्य की त्याज्य, या वादात दोघे समोरासमोर आले. सिसेरोला न शिवण्याची शपथ मोडून तू बेथलेहेमच्या मुलांना लौकिक काव्ये शिकवितोस, असे रुफिनसने हिणविले. जेरोमची लेखणी तर विंचवाच्या नांगीसारखी होती. मैत्री तुटली ती तुटलीच. रुफिनसच्या मृत्यूनंतरही जेरोमने त्याला उपरोधाने झोडपण्याचे सोडले नाही. एका संदिग्ध अक्षराला जो दहा अर्थांची संधी देई, त्याला जुन्या मित्राच्या शब्दांचा एकही चांगला अर्थ करता आला नाही, ही या थोर जीवनातील खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

अखेरची वर्षे

२६ जानेवारी ४०४ रोजी पाउला मरण पावली. तिचे सर्व धन संपून डोक्यावर कर्ज झाले होते. ग्रीक, लॅटिन आणि सिरियाक भाषांत स्तोत्रे गात लोकांनी तिला येशूच्या जन्मस्थानाजवळ पुरले. जेरोमला कित्येक दिवस लेखणी उचलवेना. ४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोम लुटले, त्या धामधुमीनंतर मार्सेलाही गेली. निर्वासितांचे तांडे बेथलेहेमला येऊन थडकले. तेव्हा यहेज्केलावरील भाष्य बाजूस सारून जेरोम त्यांच्या सेवेस लागला. ४१६ मध्ये एका जमावाने त्याच्या मठांवर हल्ला करून ते जाळले. त्यानंतर थोड्याच वर्षांत युस्टोकियमनेही डोळे मिटले. दृष्टी मंद झालेला म्हातारा यिर्मयावर भाष्य सांगत होता. ते अपुरेच राहिले. ३० सप्टेंबर ४२० रोजी बेथलेहेम येथे त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्याचा देह त्या गुहेजवळच ठेवण्यात आला.

ज्या भाषांतरावरून ओइआच्या लोकांनी दंगा केला, तेच पुढे लोकांना इतके प्रिय झाले की, त्यातील शब्द बदलणाऱ्याला पाखंडी म्हणण्याची वेळ आली. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने छापलेले बायबल हेच होते आणि ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये त्यालाच अधिकृत ठरविले. स्तोत्रांच्या बाबतीत मात्र लोकांचा हट्ट जिंकला. जेरोमने हिब्रूवरून केलेली स्तोत्रे मागे पडून, त्यानेच पूर्वी ग्रीकवरून सुधारलेली स्तोत्रे उपासनेत टिकली. त्याच्या चित्रांत पायाशी सिंह दिसतो, तो एका दुसऱ्या साधूच्या कथेतून नामसादृश्यामुळे आलेला आहे. संतचरित्रांतही पाठभेद शिरतात, ते असे!

मराठी वाचकाला या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. संस्कृत विद्येत वाढलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगाव येथे संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्या, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे अशी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बेथलेहेम आणि केडगाव यांच्यात पंधराशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडील परिश्रम एकाच जातीचे आहेत.

२०१७ पासून संयुक्त राष्ट्रसंघ जेरोमच्या स्मृतिदिनी, ३० सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन पाळतो. हा सन्मान योग्यच आहे. तथापि त्याच्या जीवनापासून घेण्याजोगा बोध केवळ भाषांतरकारांपुरता नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार नाताळ म्हणजे शब्द देहधारी झाल्याचा उत्सव. शब्दाने एकदा देह धारण केला की, देहाच्या सर्व मर्यादा त्याला चिकटतात. तो एका देशाचा होतो, एका काळाचा होतो, एका बोलीतून बोलतो. त्याला भेटावयाचे तर तो जेथे आहे तेथवर चालत जावे लागते. मेंढपाळ रानातून चालत गेले, ज्ञानी पुरुष पूर्वेकडून चालत आले. जेरोम परक्या धर्माच्या गुरूपाशी बसून, उतारवयातही पाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या मुलाच्या नम्रतेने, शब्दाशब्दाने चालत राहिला. धर्मग्रंथ अवघड आहे ही तक्रार करण्यापूर्वी आपण किती पावले चाललो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजून पाहावे, एवढेच आम्ही या मंगल दिवशी सुचवितो.